मध्यरेषेपर्यंतचा शब्द

सोम., ३ नोव्हें.
विदर्भाच्या कबड्डी संघात चढाईवाल्यांची एक जागा रिकामी आहे. सरांनी आमच्या क्लबातून दोघींची नावं पाठवली, मी आणि सोनल. ती कॉलेजात. मी एकतिशीची, लग्न झालेली, दिवसभर जरीपटक्यातल्या मेडिकल स्टोअरमध्ये काउंटरमागे उभी. मागच्या वेळी शेवटच्या यादीत कटले. पुढच्या वर्षी नाव पाठवतील असं वाटत नाही. आज सरावात मात्र मीच सरस होते. इथे कोण वाचणार आहे? सरस म्हणजे सरसच.

बुध., ५ नोव्हें.
सरांनी कामठीच्या मैदानावर मानसशास्त्राच्या मॅडमना आणलं. वाटलं, आता डोळे मिटून बसवतील. तर त्यांनी विचारलं, "चढाईला जाताना डोक्यात काय असतं?"
मी म्हटलं, "निवड."
सोनल म्हणाली, "मले तर समोरच्या पोरींचे पाय दिसतात." मॅडम खूश. अस्सा राग आला मला!
पण बाई हुशार. म्हणाल्या, मन यादीकडे पळालं की त्याला परत बोलवायला एक छोटा शब्द ठेव, तुझा स्वतःचा. मी 'इथंच' ठेवला. रात्री पोळ्या लाटताना म्हणत होते. नवरा दारातून, "काय इथंच? कोणाशी बोलून राहिली वं?"

शुक्र., ७ नोव्हें.
शब्द लागू पडतोय. काउंटरवर गर्दी, एकाला बामची बाटली हवी, दुसऱ्याला सुट्टे. मनात 'इथंच' म्हटलं आणि एकेकाला नीट औषध दिलं. शेअर ऑटोत, जिन्यावर, आंघोळ करताना, सगळीकडे तेच. आता मला कोण धरतं बघू.

रवि., ९ नोव्हें.
लाज गेली. लिहूनच टाकते.
खाप्याच्या मुलींशी सराव सामना. माझी पहिलीच चढाई. मन छान गोळा झालेलं. कोपऱ्यातली बेसावध दिसली, पाय टाकणार तोच पंचांची शिट्टी.
"ताई, कबड्डी कोण म्हणन?"
मी मोठ्याने 'इथंच इथंच इथंच' म्हणत चढाई करत होते! दम 'कबड्डी'चाच घ्यायचा हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. गुण त्यांना, चढाईची पाळीही त्यांना. मुली पोट धरधरून हसत होत्या. सर मॅडमकडे वळले, "माह्या पोट्टीले काय शिकवून राहिल्या जी तुमी?"
सोनल पाण्याची बाटली देत म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी 'तिथंच' म्हणजो."
मीही हसले. घरी येऊन रडले. हा किस्सा निवड समितीपर्यंत गेला तर?

मंगळ., ११ नोव्हें.
मॅडम म्हणाल्या, चूक त्यांची. शब्द कुठे सोडायचा ते सांगायचं राहिलं. आता 'इथंच' फक्त मध्यरेषेपर्यंत. रेषा ओलांडली की कबड्डी, आणि नजर पायांवर.
पाय बघायचे म्हणजे सोनलकडूनच शिकायचं. जिवावर आलं होतं. गेले. पोरीने एका शब्दानेही भाव खाल्ला नाही, अंधार पडेपर्यंत दाखवत राहिली. म्हणाली, "टाच उचलली का समज, ते आता येऊन राहिली तुह्यावर."
शेवटी सर म्हणाले, "आता जमलं वं." आमच्या सरांच्या तोंडून हे निघणं सोपं नाही.

रवि., १६ नोव्हें.
निवड सामना. सोनल समोरच्या संघात. शेवटची चढाई माझ्याकडे, आम्ही एका गुणाने मागे. टेबलाशी समिती बसलेली, हे माहीत होतं. रेषेपर्यंत 'इथंच'. पलीकडे कबड्डी, आणि पाय. एक टाच उचललेली दिसली. वाकून तिला हात लावला, वळता वळता सोनलच्या घोट्याला, आणि रेषेवर पालथी पडले. काही ऐकू आलं नाही. शिट्टीसुद्धा नाही. पंचांचा हात वर दिसला तेव्हा कळलं, दोन्ही गुण मिळाले, सामना आमचा.
आयुष्यात यापेक्षा चांगली चढाई मी केलेली नाही. सोनलने हात देऊन उठवलं. "ताई, आज तं तू कोणालेच आवरली नसती." तिचा चेहरा उतरला होता. तिनेही दिवसभर झकास खेळ केला होता.
समितीतल्या बाईंनी मान वर न करता काहीतरी लिहिलं. यादी बुधवारी.
मला माझा अभिमान वाटतो. मागेपुढे न बघता लिहिते.

बुध., १९ नोव्हें.
यादी आज. सर नागपूरला समितीच्या ऑफिसात गेलेले. सोनल आणि मी, दोघी मैदानावर आलो. घरी बसून काय करणार होतो? मोबाइल बाकावर ठेवून सराव सुरू केला.
मी चढाईत असताना मुली ओरडल्या, "ताई, सरांचा फोन!" ऐकलं. सोनलनेही ऐकलं. पण तिचा पाय हलला नाही, माझा दम तुटला नाही. तिला चकवून गुण घेतला, रेषेला हात लावला आणि मगच श्वास सोडला. तोवर रिंग थांबलेली.
आता दोघी बाकावर बसलोय. सोनल म्हणते, "लाव नं वं ताई, काहून थांबली?" तिला म्हटलं, दोन मिनिटं दे. नाव माझं असो, तिचं असो, नाहीतर तिसऱ्याच कुणाचं, एकदा ते कळलं की मला ही चढाई अशी लिहिता येणार नाही. आज आम्ही दोघी जबरदस्त खेळलो.
लिहून झालं. लावते.