सुनेला द्यायची गाडी आणि तिच्यातला कॅमशाफ्ट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानाची मालकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांना वारस लागत नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. उलट ते मीच सगळ्यांवर आणते, अशी घरची तक्रार आहे.

१. राहते घर मुलाला द्यावे. गच्चीची गळती त्याने माझ्या हयातीत काढली नाही, तेव्हा तीही त्यालाच.

२. दुकान मुलगा व सून यांना निम्मे निम्मे. काउंटरवर मात्र सुनेने बसावे. मुलाला गिऱ्हाइकाशी गोड बोलता येत नाही, ते माझ्यावर गेले आहे.

३. थोरल्या भाऊजींना काहीही देऊ नये. "बायकांना गाडीतलं काय कळतं," हे त्यांनी माझ्याच काउंटरला टेकून, माझाच चहा पिताना म्हटले होते.

४. माझी जुनी छोटी गाडी सुनेला द्यावी. याचे कारण लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिते.

इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. शर्यतीचा कॅमशाफ्ट ते जास्त वेळ उघडे ठेवतो. मोकळ्या रस्त्यावर गाडी उधळते, पण गर्दीत हळू चालवली की थरथरून बंद पडते. "भाजी आणायलाच जाणार ना? मग साधा घ्या," असे मी गिऱ्हाइकांना घसा कोरडा होईपर्यंत सांगत आले. आणि माझ्या गाडीचे इंजिन उघडले तेव्हा दुकानातला सर्वांत जहाल निवडला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मेकॅनिक म्हणाला होता, "वहिनी, ही गाडी जाणार कुठं? घर ते दुकान."

"तुम्ही बसवा. आणि घरात बोलू नका."

भाऊजींच्या मोठ्या गाडीला एकदा मागे टाकायचे होते. टाकले. भाऊजी मागच्या सीटवर झोपले होते.

पुढे सून याच गाडीवर शिकली. मी रेस धरून चालवायची, मला युक्ती ठाऊक होती. तिला नव्हती. चौकात गाडी बंद पडे, मागून हॉर्न वाजत. "आई, माझा पायच नीट पडत नाही," ती म्हणे. लायसनच्या परीक्षेतही चढावर गाडी बंद पडली. तिचा पाय अगदी नीट पडत होता. साधा कॅमशाफ्ट परत बसवता आला असता, पण मग जहाल कशासाठी घेतला हे सांगावे लागले असते. मी तिला म्हटले, "काहींना नाही जमत. सोड नाद." नुसती गप्प बसले असते तरी बरे होते. तिने पुन्हा किल्लीला हात लावला नाही.

म्हणून माझ्या पश्चात मेकॅनिकने कपाटातला मूळ कॅमशाफ्ट त्याच्या टॅपेटसकट, म्हणजे त्याच्याबरोबरच झिजलेल्या जोडीच्या भागांसकट, बसवावा, सुनेला हे कलम वाचून दाखवावे, मग किल्ली द्यावी.

इथवर लिहून साक्षीदार बोलावले. शेजारच्या शिंप्याने न वाचता सही केली. मेकॅनिकने वाचले आणि पेन खाली ठेवले.

"वहिनी, ती रोज दोन बस बदलून कामाला जाते. तुम्ही जाईपर्यंत बदलत राहायच्या?"

"मी गेल्यावर कळेलच की तिला."

"मग चिडायला तिनं कुणाकडं जायचं?"

मी पेन पुन्हा त्याच्यापुढे सरकवले.

"मीही गप्प बसलो," तो म्हणाला. "तेव्हा मलाही बोलणी खाऊ द्या. पण आज."

कलम ४ मी स्वतः खोडले आहे. खोडाखोडीखाली सही केली आहे. गाडी आजच तिची, आणि तिला का दिली तेही मीच सांगायचे आहे. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: महिनाअखेरचा शनिवार

मृत्युपत्र करणारी: सही

साक्षीदार पहिला, शेजारचा शिंपी: सही

साक्षीदार दुसरा, मेकॅनिक: सही बाकी. सून मला काय बोलायचे ते बोलून मोकळी झाली की करीन म्हणतो. ती समोरच्या थांब्यावर उतरली आहे. रस्ता ओलांडते आहे.