बांधाचं तोंड

ओलपाड, जि. सुरत
नोव्हेंबर १९७१

प्रिय भिकन,

मायचं दहावं उरकून तू उधन्याला गिरणीत परत गेलास, त्याला आज आठ दिवस झाले. जाताना बांधावर घटकाभर थांबलास, पण वावरात पाय ठेवला नाहीस. हाक मारावी असं वाटत होतं, पण मी खाली वाकून तण उपटत राहिलो. भात बघितलंस ना? चार वर्षांनी पहिल्यांदा लोंब्या भरल्यात. शेजारचा भाईदास रोज येऊन दाणा चावून बघतो आणि तुझं नाव काढतो. रीत तुझीच आहे बाबा, यंदा मी नुसता तिच्याप्रमाणे राबलो.

सरकारी शेतीशाळेत तूच शिकून आलास. खाऱ्या जमिनीत कालव्याचं गोडं पाणी भरायचं, चार दिवस ठेवायचं, खार विरघळला की बांधाला तोंड पाडून सगळं खाडीत सोडून द्यायचं. असं तीनदा. तू सांगत होतास आणि मी मनात हंडे मोजत होतो. अरे, तिकडे अमळनेरकडे आपल्या जुन्या गावी दोन हंड्यांसाठी माय कोसभर चालायची. तू जन्मलास तोवर गावात विहीर झाली होती, तुला ते दिवस माहीतच नाहीत. गोडं पाणी ओतून देणाऱ्याला मी तेव्हा वेड्यात काढलं होतं.

तिसऱ्या खेपेला तू बांधाला तोंड पाडलंस आणि गिरणीत पाळीला गेलास. आठ दिवसांनी सुटीवर आलास, तर पाणी जागच्या जागी आटलेलं आणि जमीन वरून पांढरीफटक. तरी आपण रोपं लावली. ती शेंड्यापासून करपत गेली. माय तुला नको नको ते बोलली. तू मान खाली घालून एवढंच म्हणालास, की तोंड नीट पाडलं नसेल, गाळानं बुजलं असेल, चूक माझीच. त्यानंतर तू घरी येणंच सोडलंस. पत्रात मात्र दर वेळी विचारायचास, जमीन सुधारली का म्हणून.

भिकन, ते तोंड गाळानं बुजलं नव्हतं. मी बुजवलं होतं. तू गेल्यावर मी वावराकडे आलो, तर सगळं पाणी खळाळत खाडीत चाललेलं. मला बघवेना रे. दोन्ही हातांनी चिखल लोटला. त्याच वर्षी सांगायला हवं होतं. आधी लाज वाटली, मग दिवस गेले तसं आणखी अवघड होत गेलं. मायलाही सांगितलं नाही. ती तुझ्यावरचा राग मनात धरूनच गेली. त्या दिवशी सरणापाशी तू तिचे पाय धरलेस आणि म्हणालास, "माय, तुनं वावर मी जाळं. माले माफ कर." मी अग्नीचं मडकं घेऊन तुझ्या शेजारीच उभा होतो, आणि तेव्हाही गप्प राहिलो.

तुझाच,
हिलालदादा