दुकान सुनेला, पण सही भाऊजींची

मी, खाली सही करणारी, जुन्या गाड्यांची परवानाधारक विक्रेती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. छातीबद्दल मात्र ते काही बोलेनात, म्हणून ही घाई.

१. राहते घर माझ्या मुलाला. तो गुणी आहे, पण गाडीतले त्याला ओ की ठो कळत नाही. गिऱ्हाइकाने किंमत पाडून मागितली की हा वर चार टायरही देऊन बसतो. त्याने वाईट वाटून घेऊ नये.

२. दुकान, आवार, आतल्या गाड्या आणि हत्यारांची पेटी सुनेला. आमच्याकडे प्रत्येक गाडीचे दोष पुढच्या काचेवर पांढऱ्या रंगाने लिहायची रीत आहे: 'दार ठोकलेले', 'क्लच संपत आलाय', आणि मीटरचा खरा आकडा. माझे यजमान गेल्यावर ती रीत सुनेनेच टिकवली.

३. आता माझी झोप उडवणारी गोष्ट. परवाना वारसाला आपोआप मिळत नाही. विक्रेता संघाच्या अध्यक्षाची शिफारस लागते, नाहीतर दुकानाला टाळे. धंद्यात लबाड शिरू नयेत म्हणून हा नियम संघानेच सरकारकडून मागून घेतला. मीही हात वर केला होता.

आजचे अध्यक्ष म्हणजे माझे धाकटे दीर, रस्त्यापलीकडचे दुकानदार. गेल्या वर्षी त्यांच्या एका गाडीचे मीटर मागे फिरवलेले सुनेने ओळखले आणि थेट परवाना कार्यालयात तक्रार केली. मी म्हटले, "अगं, घरातलं घरात मिटवू."

ती म्हणाली, "आई, गिऱ्हाईक कुठे घरातलं होतं?"

भाऊजींचे दुकान महिनाभर बंद राहिले. तेव्हापासून ती दिसली की ते मान फिरवतात. पाण्यात राहून माशाशी वैर झाले ते असे.

मला भीती वाटते, लपवत नाही. मी डोळे मिटले आणि त्यांनी सही अडवली, तर दुकानातली माणसे रस्त्यावर येतील. आणि खरे बोलल्याची ही शिक्षा, असे ती पोर जन्मभर समजेल.

४. म्हणून भाऊजींना आजच साक्षीदार म्हणून बोलावले आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, असे वकील म्हणतात. यांनी वाचावाच, ही माझी अट. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असेही वकील म्हणतात. तशी माझीही फारशी इच्छा नव्हती.

५. दुकानाच्या पाटीवरचे 'आणि बंधू' हे शब्द कोणी पुसू नयेत. वाटण्या झाल्या तेव्हा मी रागाने रंगाचा डबा घेऊन शिडीवर चढले होते. यजमानांनी शिडी धरली आणि म्हणाले, "पुस हवं तर. माझा भाऊ तो भाऊच राहणार." मी खाली उतरले.

स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: १४ मार्च

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: घरचे डॉक्टर (सही)

साक्षीदार २: धाकटे दीर, अध्यक्ष, विक्रेता संघ (सही). सहीखाली त्यांच्याच हातचा मजकूर:

"सगळं वाचलं. वहिनी, मान फिरवतो हे खरं आहे. त्या पोरीकडे बघायची लाज वाटते म्हणून फिरवतो. शिफारसपत्र सही करून सोबत ठेवलंय, तारीख तेवढी मोकळी सोडली आहे. ती घालायची घाई करू नका."