दादाला दिलेलं पाणी

अमरावती. सोमवार, १२ डिसेंबर १८६४

वखारीत आजही ओला कापूस. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला कापूस मुठीत दाबायचा, गार लागला की गाडी परत. अमेरिकेतली लढाई चालू आहे तोवर भाव चढा, आणि भाव चढा तोवर लोक कापसावर पाणी शिंपडणार. एकाला परत पाठवला तर म्हणतो, "दवानं भिजला जी." बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या.

दादाच्या गाड्या याच आवारात उभ्या होत्या. महिना झाला असेल. इथंच पटकीनं धरलं त्याला. उचलून माझ्या खोलीत नेला. दुसरी सकाळ पाहिली नाही त्यानं.

रविवार, १८ डिसेंबर

नाताळ आठवड्यावर. बंगल्यावरच्या प्रार्थनेत पाद्रीसाहेब खोट्या साक्षीच्या आज्ञेवर बोलले. म्हणाले, जे घडलं तेवढंच सांगणं म्हणजे सत्य, त्यात भर घालू नये, चोरूनही ठेवू नये. ऐकायला सोपं वाटलं.

नंतर मला बाजूला घेतलं. दादा शेवटी माझ्या हातचं पाणी प्याला हे त्यांना कुणीतरी सांगितलंय. कुणबी माणूस, मरताना, ख्रिस्ती भावाच्या हातून. पा. सा. यांना त्यात मोठी खूण दिसते. नाताळच्या दिवशी मी उभं राहून ते सगळ्यांना सांगावं अशी त्यांची इच्छा. मी पाहतो म्हटलं.

खूण कसली. तहान लागली होती त्याला.

मंगळवार, २० डिसेंबर

सोनबा आला. दादाची गाडी हाकायचा तो. आता माय गाड्या पाठवते. उंबऱ्याबाहेर बसला, नेहमीसारखा; ख्रिस्त्याच्या घरात तो येत नाही. तंबाखू मळत निरोप सांगितला: आत्याचं काही खरं नाही. पाय सुजलेत, अन्न जात नाही. आणि, "मायनं सांगतलं, लोटीत दोन थेंब उरले असतीन तं घेऊन ये. आत्या मांगून राहिली."

लोटी आत्याचीच. काशीहून आणवलेली, झाकणाला कथलाचा डाग देऊन बंद केलेली. मरताना आपल्या तोंडात गंगा पडावी म्हणून तिनं कितीतरी वर्षं देवाजवळ जपली. वाटेवर पटकी आहे असं कळलं, तेव्हा दादा निघताना तिनंच काढून दिली. गाडीत असू दे म्हणाली.

दादाला खोलीत आणलं त्या दिवशी सोनबानं लोटी माझ्या उंबऱ्यावर ठेवली. "मले आत येता येत नाही यादवभाऊ. तू पाज." थोड्या वेळानं बाहेरूनच विचारलं, "पाजलं काय?" मी म्हटलं, "पाजलं."

पाजलं होतं. माठातलं.

सोनबानं गावी जाऊन सांगितलं, गंगा पडली तोंडात. माय तेवढ्यावर उभी आहे म्हणतात. लोटी माझ्या ट्रंकेत आहे. डाग जसाच्या तसा.

गुरुवार, २२ डिसेंबर

लोटी काढली, हलवली. आत पाणी वाजतं.

तेव्हा का नाही उघडली? पहिलं कारण, मी त्या पाण्याला मानत नाही. न मानता देणं खोटं झालं असतं. दुसरं, माझा हात लागला तर मायच्या लेखी ते बाटलं असतं. दोन्ही कारणं बरी आहेत. पण तेव्हा मनात यांतलं काही होतं का? मला आठवतं ते इतकंच, की लोटी हातात घेतली आणि वाटलं, ही उघडली म्हणजे दादा जाणार हे ठरलं. म्हणून खाली ठेवली, आणि माठात पेला बुडवला.

हेही खरं आहे की आता सुचलं, कोण जाणे.

आता डाग फोडावा, अर्धं ओतून द्यावं, उरलेलं न्यावं. मायचं समाधान राहील, आत्याला पाणी मिळेल. तोंडानं एकही खोटा शब्द बोलायला नको. बंद न्यावी तर आत्याला तिची लोटी भरलेली परत मिळेल आणि मायचा मुलगा कोरडा गेला असं होईल. एकीला दिलेलं दुसरीकडून काढून घ्यायचं.

पा. सा. यांना विचारावंसं वाटलं. पण ते म्हणतील, गंगेचं पाणी ते, त्यात काय एवढं. काय एवढं हे त्यांना कसं सांगू.

शनिवार, २४ डिसेंबर

वखारीत अर्धा दिवस. बंगल्यावर आंब्याचे टहाळे बांधायला गेलो. गाणी म्हणता आली नाहीत. दादा गेल्यावर अग्नी सोनबानं दिला. मी बाभळीखाली उभा होतो.

रविवार, २५ डिसेंबर. नाताळ

उभा राहिलो. पा. सा. हसऱ्या तोंडानं पाहत होते. म्हणालो, "माझा भाऊ तहानेला होता. मी पाणी दिलं. त्याच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही." खाली बसलो.

वाटलं, त्यांची निराशा होईल. तर दोन बायका डोळे पुसत होत्या. पा. सा. यांनी नंतर माझा हात दाबला, म्हणाले, फार खोल बोललास यादव. मी खोल काही बोललो नव्हतो. इतकं साधं सांगूनही त्यांनी हवं ते घेतलंच. मग सांगून काय झालं?

एक गोष्ट सांगितली नाही. पाणी प्याल्यावर दादाचे ओठ हलले. आवाज बसला होता. मला "गोड हाय" असं ऐकू आलं. बंगल्यावर सांगितलं असतं तर त्याची आणखी एक खूण झाली असती.

उद्या सोनबाच्या गाडीतून निघतो. लोटी उघडलेली नाही. ठरवून नाही, हातच झाला नाही.

अकोल्याच्या अलीकडे. बुधवार, २८ डिसेंबर

वाटभर रुईच्या गाड्या. रेल्वेच्या भरावावर माणसंच माणसं. सोनबाला आडून विचारलं, माझा हात लागला तर मायला ते पाणी चाललं असतं का? तो हसला. "गंगेले कशाचा इटाळ? तुले कावून इतका इचार पडला?"

म्हणजे दुसरं कारणही गेलं.

गाव, तेल्हाऱ्याजवळ. शनिवार, ३१ डिसेंबर

उन्हं कलताना पोचलो. बाप्तिस्म्यानंतर मी ओसरीच्या पुढं जात नाही, आत्या माझं नाव घेत नाही. मायनं पोतं अंथरलं, ओंजळीत वरून पाणी ओतलं, मी प्यालो. खारं. आमच्या विहिरीचं असंच आहे. बाहेर राहून मी विसरून गेलो होतो.

मायनं हात पुढं केला. लोटी दिली. तिला आता नीट दिसत नाही. अंगठा झाकणावरून फिरला, डागावर थांबला. मग परत एकदा फिरला.

लोटी घेऊन आत गेली. आत्याला सांगताना ऐकू आलं, "घे बाई, तुही लोटी आली. भरेल हाय." आत्या काय म्हणाली ते कळलं नाही.

बऱ्याच वेळानं बाहेर येऊन उंबऱ्याशी बसली. "मंग त्याले काय पाजलं?"

"माठातलं, माय. माझ्या हातानं."

"पेला का?"

"प्याला. गोड हाय म्हणाला."

ती विहिरीकडं पाहत राहिली. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. म्हणाली, "थंड होतं काय?"

"होतं," म्हणालो.

तिनं मान हलवली. मग भाकरी टाकायला उठली. रागावली का, ते कळलं नाही. ताट ओसरीवरच आलं, वरून वाढलं, पण वाढून झाल्यावर आत गेली नाही. मी जेवेपर्यंत बसली.

आता हे लिहितोय आणि आठवून पाहतोय. त्या दिवशी माठ सकाळी भरला होता, की दादाच्या धावपळीत भरायचा राहून आदल्या दिवसाचंच पाणी होतं? ते थंड होतं का? पेला त्याच्या ओठांना लावला, पण मी स्वतः पाण्याला हात लावून पाहिला नव्हता. रोज लोकांच्या ढिगात हात घालतो, तिथं नाही घातला. होतं म्हणालो ते मायसाठी, की खरंच

आत्या हाक मारतेय. माझ्याच नावानं.