पुढच्या चाकावरचं लाल बोट

बुधवार, १ ऑक्टोबर
खंडेनवमी. सकाळी सुधाकरच्या सायकल दुकानात पूजा. हत्यारं टेबलावर मांडली, आमच्या तिघांच्या माउंटन बाइक उलट्या करून ओळीने. मंदावहिनींनी झेंडूच्या माळा घातल्या, ओवाळलं. कुंकू लावायचं काम माझं. सुधाकरहून चार महिन्यांनी मोठा, तेवढ्यावर हा मान बारा वर्षं टिकलाय. कुंकू तेलात कालवलेलं, म्हणजे धरून राहतं. हँडल, सीट, मग चाकाचा मधला तुंबा. सुधाकरच्या पुढच्या चाकाला बोट घसरलं, ब्रेकच्या रोटरवर, म्हणजे पॅड जिला धरतात त्या चकतीवर, लाल ठसा उमटला. आरती सुरू झाली होती. समोर फडकं होतं, पुसून टाकलं. चकचकीत.

फिरोज (रोहिणखेडला चित्रकला शिकवतो) म्हणाला, "उस्ताद, माह्यं पंक्चर काढून देसान का?"
सुधाकर : "आज हत्याराले हात लावत नाही बे. तुह्यासाठी देव उठवू का?"

रविवारी डोंगरातली गायवाट सायकलने उतरायची. पाऊस थांबून आठ दिवस झाले. सु.ने पुढच्या ब्रेकला नवे पॅड टाकलेत.
पेपरातलं माझं सायकलचं सदर : टायरमधली हवा. उद्या दसऱ्याची सुट्टी, म्हणून आजच पाठवलं.

रविवार, ५ ऑक्टोबर
सु. पडला. तिसऱ्या वळणावर, जिथे आपट्याचं झाड आहे. मी मागे होतो. वेग कमी झालाच नाही, सरळ दगडात गेला. डाव्या खांद्यावर आणि मानेवर. हेल्मेट फुटलं, डोकं शाबूत. शुद्धीवर होता. "हात कुठी आहे बे माह्या?" हात अंगालाच होता.
फिरोज आणि मी झोळी करून वर आणला. दीड तास. मग गाडीने संभाजीनगर.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
हाड एकच मोडलंय, कॉलरबोन. ते जुळेल. हाताचं वेगळं आहे. मानेतून खांद्यात उतरणाऱ्या नसा ओढल्या गेल्यात, दोन बहुधा मुळापासून तुटल्यात. डॉक्टर तरुण, शांत. कागदावर झाडाचं मूळ काढून दाखवलं. तीन महिने वाट पाहायची, नाही तर दुसरीकडची नस आणून जोडायची.
वहिनींनी विचारलं, "बोटं तं हालतीन ना?"
डॉक्टर म्हणाले, पाहू.
तीस वर्षं बातम्या लिहिल्या. 'पाहू' म्हणजे काय ते कळतं.

रविवार, १२ ऑक्टोबर
आज इस्पितळात सु. हसत होता. म्हणतो, चूक माझीच. नवे पॅड घासून बसवायला पाहिजे होते, तसेच घेऊन गेलो. पठारावर पुढचा ब्रेक किंचाळत होता, "तुले ऐकू आला असंन ना बे?"
म्हटलं, आला.
"मले वाटलं, दोन उतारांत गप बसते."
मी खिडकी उघडली. ती उघडीच होती, आणखी उघडली.

बुधवार, १५ ऑक्टोबर
खरं लिहायचं तर इथेच लिहायचं, दुसरीकडे जागा नाही.
फडकं चेन पुसायचं होतं. तेलाने ओलं. एक बोट कुंकू पुसायला मी अख्खा रोटर तेलाने माखला. गिऱ्हाइकाने असं केलं असतं तर सु.ने दुकानाबाहेर काढलं असतं. माझ्याच सदरात दोनदा लिहिलंय : रोटरला बोटसुद्धा लावू नका, अंगाचं तेल लागलं तरी ब्रेक धरत नाही.
आणि हे आज आठवलेलं नाही. पठारावर ब्रेक किंचाळला तेव्हाच आठवलं होतं. फडकं डोळ्यांसमोर आलं. वाटलं, आता थांबवलं तर दोघं दिवसभर खेचतील. संपादकाने देवाला चेनचं तेल लावलं म्हणून. उताराच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत दहा मिनिटं होती.
दहा मिनिटांत मी पेपरचं पहिलं पान बदललेलं आहे.

गुरुवार, ३० ऑक्टोबर
दिवाळी झाली. सु. घरी आला. दुकानामागेच दोन खोल्या, तिथून दुकान दिसतं. खुर्ची त्याने तशी लावून घेतली. हात झोळीत. बोटं बर्फासारखी. दुखतं मात्र भयंकर, जो हात हलत नाही तोच दुखतो. रोज व्यायाम : वहिनी बोटं उघडतात, मिटतात, उघडतात.
ऑफिसातून फोन : "सर, ब्रेकवर एक लिहा ना, वाचक विचारतात." टायरवरच आणखी एक पाठवलं.

रविवार, ९ नोव्हेंबर
फिरोजने आज सु.ची सायकल उघडली. इतके दिवस ताडपत्रीखाली होती. मी तिथेच बसलेलो. पॅड काढला, नाकाशी धरला, सु.ला दिला. सु.ने उजव्या हाताने फिरवून पाहिला.
"हे तं तेल पेलं."
फिरोज म्हणाला, "उस्ताद, पूजेचं असंन."
वहिनी चहा घेऊन दारात होत्या. म्हणाल्या, "निरांजन मी फिरवलं होतं सायकलीवरून. थेंब पडला असंन माह्याच हातून."
मग सु. म्हणाला, "म्हणजे देवानं नाही, तू पाडलं मले."
हसत म्हणाला. पण म्हणाला.
मी कप खाली ठेवला. बोलणार होतो. फिरोजला शाळेच्या प्रदर्शनासाठी निघायचं होतं, तो उठला, मीही त्याच्याबरोबर उठलो.

सोमवार, १० नोव्हेंबर
निरांजनातून थेंब पडला तर तूप. पॅडला चेनच्या तेलाचा वास होता, मला खुर्चीत बसून आला. सु.ला आला नसेल? चाळीस वर्षं त्या वासात काढलीत त्याने. कदाचित म्हणूनच आला नसेल.

रविवार, २३ नोव्हेंबर
सु.च्या मामाकडचे लोक साखरखेर्ड्याहून भेटायला आले होते. त्यांच्यासमोर पुन्हा : "माह्या बायकोनं देवाले तेल पाजलं अन् मले दगड चारला." पाहुणे हसले. वहिनीही हसल्या, ताटं उचलून आत गेल्या. चौथी वेळ, मी ऐकलेली.

पेपरात चूक गेली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतात. चार ओळी, आतल्या पानावर. शेकडो लिहिल्या असतील मी. आज ही लिहायला बसलो : 'दि. १ रोजी झालेल्या...' पुढे सरकेना. दुरुस्ती लिहिताना नियम असा की मूळ चूक पुन्हा छापायची नाही, फक्त बरोबर काय ते सांगायचं. इथे बरोबर काय?

गुरुवार, ११ डिसेंबर
ऑपरेशन झालं. नऊ तास. फासळ्यांमधली नस दंडात आणून जोडली. डॉक्टर म्हणाले, नस रोज साधारण एक मिलिमीटर वाढते, धीर धरा. कोपर वाकलं तर मिळवलं. बोटांचं त्यांनी आपणहून काही काढलं नाही.
सु. गुंगीतून बाहेर आल्यावर : "मिलिमीटर म्हंजे किती, सांगू का? नव्या पॅडवर चार असतात."

रविवार, १८ जानेवारी
फिरोज आणि मी गायवाटेवर गेलो, उतरायला नाही, पाहायला. वळणांवरच्या दगडांना आम्ही दर दिवाळीनंतर चुना लावतो, दुरून वळण दिसावं म्हणून. या वर्षी कोणी लावला नाही. कुसळं कमरेएवढी, तरोट्याचं तण वाळून वाटेवर आडवं. आणखी एक पावसाळा गेला की वाट राहणार नाही. गुरंही आता तिकडून उतरत नाहीत.
फिरोज म्हणाला, "भाऊ, उस्तादशिवाय मन नाही लागत." त्याने त्याची सायकल मलकापूरच्या एकाला द्यायचं ठरवलंय.
आपट्याजवळ फुटलेल्या हेल्मेटचा एक तुकडा मिळाला. खिशात घातला. मग परत तिथेच ठेवला.

रविवार, ८ फेब्रुवारी
सु.ने मला आज कामाला लावलं. एक जुनं चाक स्टँडवर चढवलं, म्हणाला, आऊट काढ, म्हणजे चाकाचा वाकडेपणा. तो खुर्चीतून सांगणार, मी स्पोक आवळणार.
"डावीकडचा. पाव फेरा. पाव म्हटलं बे, अर्धा नाही."
"केला पाव."
"तुह्या पेपरात पाव असाच असते का?"
दोन तासांत चाक आधीपेक्षा वाकडं. तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर हसला. मग म्हणाला, "हे काम दोन हातांचंच आहे. एक आवळते, दुसरा चाकाले विचारते."
असं काही मला कधी सुचलं नाही.

रविवार, ८ मार्च
तपासणीचा कागद आला. दंडातल्या स्नायूत नावालासुद्धा हालचाल नाही. डॉक्टर अजून वर्ष म्हणतात. वर्ष का, हे कोणी विचारलं नाही. दुकान पाडव्यानंतर एका मोबाइलवाल्याला द्यायचं ठरलं. हत्यारं फिरोज आणि मी वाटून घ्यायची असं सु. म्हणतो. मी म्हटलं, राहू दे इथेच. "कायले? माह्याकडे पाहून रडतीन ते."
वहिनींना पुन्हा तेच ऐकवलं, आज कोणी पाहुणा नसताना. थट्टेचा सूर नव्हता. "तुह्या एका थेंबापायी." वहिनी त्याची बोटं उघडत होत्या. उघडत राहिल्या.

गुरुवार, १९ मार्च
पाडवा. सु. फिरोजबरोबर व्यायामाच्या डॉक्टरकडे गेलेला. मी मुद्दाम त्या वेळी गेलो. दारात गुढी उभी, पण दुकानातला स्टँड, हत्यारं, सगळं कोरं. दरवर्षी पाडव्याला वहिनी आऊटच्या स्टँडला कुंकू लावतात. विचारलं.
"नाही भाऊजी. माह्या हातानं आता कोणत्याच लोखंडाले कुंकू नाही."
सांगितलं. उभ्यानेच. बोट, फडकं, चेनचं तेल, पठारावरची दहा मिनिटं. काही गाळलं नाही. चार ओळींत बसलं.
वहिनी बाकावर बसल्या. पदराच्या टोकाची घडी घातली. मग म्हणाल्या, "ते माह्या हातून नव्हतं म्हंजे."
"नव्हतं."
"मी रोज रात्री ते ताट आठवत होते. कोणत्या बाजूनं फिरवलं."
मी म्हटलं, आज सुधाकर आला की त्याला सांगतो.
"नका सांगू."
मला वाटलं, नीट ऐकलं नाही त्यांनी.
"त्याईले सांगसान तं ते तुमच्याशी बोलनार नाहीत. मी ओळखते. माह्याशी बोलाच लागते, मी घरातच हाओ. फिरोजनं सायकल देऊन टाकली, आता कामापुरता येते. रविवारी एक तुम्हीच येता. तुम्ही बंद झाले तं कोण येईन?"
"पण तुम्हाला ते रोज..."
"मले आता ठावं आहे ना. आता ऐकता येते."
मी चप्पल घातली. त्यांनी मागून हाक मारून श्रीखंडाचा डबा दिला. घरी नेला. कोणी खाल्लं असेल, मी नाही.

शनिवार, २१ मार्च
सदर बंद करतो म्हणून कळवलं. तिकडून : "सर, तब्येत?" बरी आहे म्हटलं.
वहिनींचा हिशेब तपासून पाहतोय. त्यात चूक सापडत नाही. सांगितलं तर सु.चा रविवार जातो, नाही सांगितलं तर वहिनींचे बाकी सगळे दिवस. आणि माझं ओझं मी त्यांच्याकडे ठेवून आलो, श्रीखंड घेऊन.

रविवार, २९ मार्च
गेलो. सायकलवरून, बऱ्याच दिवसांनी. दुकानाचं सामान पोत्यांत भरलेलं, स्टँड तेवढा बाहेर. सु. म्हणाला, मोबाइलवाला येईस्तोवर ते वाकडं चाक पुरं करू. दोन स्पोक झाले.
वहिनी पोहे घेऊन आल्या. सु. : "पाह्यजो, तेल कमी टाकलं ना? तुह्या तेलाचं काही सांगता येत नाही."
वहिनी हसल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. मी पोहे घेतले.

निघताना सायकल ओट्यावरून उतरवली, ब्रेक दाबला. थोडा वाजला. सु. मान न वळवता म्हणाला, "तुह्या पुढचा वाजून राह्यला."
"हो, पाहतो."
"रोटर कायनं पुसतो बे तू?"
"कोरड्या फडक्यानं."
त्याने उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला, जसा तो दिवसातून शंभरदा ठेवतो. मग माझ्याकडे पाहिलं.
"पहिल्यापासून?"
आतून वहिनींची हाक आली, चहा थंड होऊन राह्यला म्हणून. मी सायकल भिंतीला टेकवली आणि आत जाऊन बसलो.