नीताच्या डी ड्राइव्हची मोजणी

८ फेब्रुवारी २००४, रविवार
नाशिकहून मासिक आणलं. सोबत लिनक्सच्या तीन सीड्या. संकल्प: महिन्याच्या आत मोखाड्यातला पहिला लिनक्सवाला मीच. मासिक म्हणतं, पार्टिशन, म्हणजे डिस्कचे हिस्से, आपोआपही होतं, पण खरे जाणकार हाताने करतात. हाताने! वीस वर्षं जमिनीच्या मोजणीत साखळी ओढतोय, जामसरपासून पोशेऱ्यापर्यंत भावाभावांचे हिस्से पाडून दिलेत. वीस जीबीची डिस्क म्हणजे किस झाड की पत्ती.
बायकोला सांगितलं. नीता म्हणाली, काय हवं ते करा, फक्त डी ड्राइव्हला हात लावू नका, माझे शब्द आहेत त्यात. जसा काही मी चोरच.

९ फेब्रुवारी
तिचे शब्द म्हणजे ती शिकवते त्या पोशेऱ्याच्या शाळेतल्या पहिलीच्या पोरांसाठी केलेला कोश. पोरांना मराठी समजत नाही, म्हणून डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे त्यांच्या घरच्या बोलीतला. दोन वर्षं धोंडीबाई नावाच्या म्हातारीच्या ओट्यावर बसून गोळा केलेत. ३१ मार्चपर्यंत पुण्याला शिक्षण खात्याकडे पाठवायचाय. पसंत पडला तर छापून तालुक्यातल्या शाळांना मिळणार. छान आहे. बायकांना काहीतरी विरंगुळा हवाच.

१४ फेब्रुवारी
लिनक्स सुरू करायला बूट फ्लॉपी लागते. नीताच्या डब्यात चार सापडल्या, 'शब्द १' ते 'शब्द ४'. कॉम्प्युटरमध्ये सगळं असताना परत फ्लॉपीत कशाला? तीन पुसताना बिघडल्या, चौथी पुसून चालली. चिकाटी लागते.

१७ फेब्रुवारी
घर आवरलं. कॉम्प्युटरच्या घरात कागदाचा पसारा शोभत नाही. नीताच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा बाजारात चंदू भेळवाल्याला देऊन टाकला. तो खूश. तिला सांगायचं राहिलं.

२२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी १०
नीता शिक्षकांच्या मेळाव्याला जव्हारला. उत्तम.

११.२०
पडद्यावर सगळ्या डिस्कची पट्टी आली. हुबेहूब गावचा नकाशा. लिनक्सला जागाच नाही. सोपं आहे: जुने बांध मोडायचे, नवे घालायचे. बांध घातला म्हणून उभं पीक कुठं जातं? भात आहे तिथंच राहतं. डी मोडला. सी तरी कशाला ठेवा, तोही मोडला. एकत्रीकरण!

११.४०
तीन हिस्से पाडले. मोठा लिनक्सला. मधला स्वॅपला; स्वॅप कशाला लागतो कळलं नाही, पण रस्त्यासारखी जागा सोडावी लागते. कडेचा नीताला. तिच्यावर अन्याय नको. फॉरमॅट करू का, असं विचारलं. म्हटलं कर, झाडून घेतलेलं बरं. सगळा डेटा जाईल अशी धमकी दोनदा आली. मोजणीला गेलं की भावकीपण अशीच बोंबलते. आपण लक्ष द्यायचं नसतं.

१२.३०
पासवर्ड मागितला. लग्नाची तारीख टाकली. नीताला बरं वाटेल. तारीख आठवेना, पण तिच्या माहेरच्या हंड्यावर नावासकट कोरलेली आहे. बघून टाकली.

१.१५
चाललं! काळा पडदा, पांढरी अक्षरं. मोखाड्यातला पहिला मी.

२३ फेब्रुवारी
नीताने शब्द कुठे आहेत विचारलं. म्हटलं, नुसते हिस्से पाडलेत, बांध घातला म्हणून उभं पीक कुठं जातं? शोधले. तिच्या हिश्श्यात काहीच नाही. बहुतेक वीज गेली असणार. (गेली नव्हती, पण आपल्याकडे कधीही जाऊ शकते.) तिने फ्लॉप्यांचा डबा उघडला. मग वह्या शोधल्या. मी म्हटलं, ज्याची वस्तू त्याने जपायला नको का? ती स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून बसली. रात्री मला वाढलं नाही. काय बाई एकेकीचा रुसवा!

२९ फेब्रुवारी
रिकव्हरीला सुरुवात! बाजारात चंदूकडे गेलो. बाकी वह्या संपल्या म्हणाला, पण एक भेळ नीताच्या अक्षरात बांधून मिळाली. सूप, उखळ, खेकडा, आजी. उजवीकडची बाजू फाटलेली. म्हणजे मराठी तेवढं राहिलं. मराठी मला येतंच. तरी कागद पुसून नीताच्या हातात दिला. चार शब्द परत आणले! तिने फाटलेली कड बोटाने चाचपली आणि आत गेली.

२ मार्च
नीताला म्हटलं, जा आणि परत विचारून ये, अवघड काय त्यात? ती म्हणाली, अर्धं पोशेरा वीटभट्टीवर गेलंय, पावसाळ्याशिवाय येत नाही. धोंडीबाई एकटीच आहे, तीही आता थकली. या वर्षी पुण्याला काही जात नाही. मग झालं तर. पुढच्या वर्षी पाठव. घाई कुणाला आहे?
पोरांना आहे, म्हणाली.

७ मार्च, रविवार
नीताने हिस्से पाडले. स्वतःच्या हाताने. डबे निम्मे, चादरी निम्म्या, माहेरची भांडी सगळी तिची. पोशेऱ्याच्या फेऱ्या मारणाऱ्या सोम्याच्या जीपमध्ये भरून गेली. धोंडीबाईच्या घरात राहून पहिल्या शब्दापासून लिहिणार म्हणते. चार कोऱ्या वह्या आणि पेन्सिली नेल्या. मी विचारलं, कॉम्प्युटर नको का? ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसली, म्हणजे राग गेलेला दिसतो. आठवड्यात येईल.

२१ मार्च
आली नाही. संकल्प: तोवर लिनक्स पक्कं शिकायचं. कॉम्प्युटर लावला. पासवर्ड मागतो. आजवर दर वेळी हंड्यावर बघून टाकत होतो. हंडा पोशेऱ्याला. घरात उरलेल्या भांड्यांवर आईचं नाव. वैशाख होता एवढं नक्की. की ज्येष्ठ? अकरा तारखा टाकून बघितल्या. चूक.

२४ मार्च
सोम्याबरोबर निरोप पाठवला: हंड्यावरची तारीख कळव, अर्जंट आहे.

२८ मार्च, रविवार
सोम्या निरोप घेऊन आला. बाईंनी सांगितलंय म्हणे: बांध घातला म्हणून उभं पीक कुठं जातं? असेल तुमच्याच डोक्यात, बघा.
मग सोम्याने विचारलं, साहेब, कसली तारीख? मी म्हटलं, ऑफिसची आहे.
दुपारी आणखी सात टाकल्या. चूक.