फवारणीचा दिवस

५ जून, गुरु.
डोंगराच्या मालकांचा, म्हणजे साहेबांचा, फोन. एकलहऱ्याला वीज केंद्रात होते, आता रिटायर. डोंगर त्यांच्या वडिलांपासून त्यांच्याच नावावर. कागद त्यांचा, पायवाट आमची. माणूस वाईट नाही, माझ्या अंगणवाडीचा पंखा त्यांनीच दिलाय. घाणेरी इतकी माजलीय की लावलेली रोपं दिसत नाहीत, म्हणून तणनाशक मारायचं म्हणाले. पण कोणाच्या अंगावर जायला नको. "मॅडम, डोंगरावर कोणीच फिरकत नाही असे दिवस कोणते?"

मी फुशारकीनं सांगितलं. पावसाळ्यातली पहिली रानभाजी, कवळ्याची, देवाला दाखवल्याशिवाय आमच्याकडे कोणी पान खुडत नाही. यंदा देवाचा दिवस रविवार, १५. तोवर डोंगर मोकळाच. ते म्हणाले, उद्या-परवा मारतो, पंधरापर्यंत सगळं वाळून जाईल. मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.

७ जून, शनि.
ग्रामसभा. फवारणीची बातमी फुटलीच होती. निम्मं गाव एकीकडे, निम्मं दुसरीकडे, आणि मी दोन्हीकडे मान हलवतेय. सरपंच म्हणाले, स्वतःच्या बांधावर पंप मारता, मग त्या माणसानं काय घोडं मारलंय? खरंच आहे. आमच्या ओसरीवर तणनाशकाचा कॅन आहे. तीन वर्षं झाली, निंदणीनं कंबर धरत नाही.

मग सोनाबाई उठली. सत्तरीची असेल, एरवी सभेत झोपते. म्हणाली, "शेत तुमचं, काय बी मारा. डोंगरातली भाजी कोनी लावली? जी लावली नाय ती मारायची कशी?" मला पटलं. मग सरपंच बोलले, तेही पटलं.
ठराव नाही. २१ ला पुन्हा सभा. दिवस मीच सांगितला हे बोलले नाही. कोणी विचारलंही नाही.

१२ जून, गुरु.
पाच दिवस पावसाने डोळा उघडू दिला नाही. आज उघडीप, आणि साहेबांचा मेसेज. "आज फवारणी केली. आठ दिवस कोणाला जाऊ देऊ नका." म्हणजे सभेचं कोणी ऐकायला थांबलंच नाही. आणि पंधरा तारीख आली की तोंडावर.

अंगणवाडीत आलेल्या सगळ्या बायांना सांगितलं, यंदा देवाच्या दिवसानंतर पलीकडच्या डोंगरावर जायचं. शिव्या खाल्ल्या. साहेबांच्या वाट्याच्या मलाच.
संध्याकाळी मुद्दाम बघून आले. डोंगर आहे तसा हिरवागार. मारलं की नाही तेच कळेना.

१५ जून, रवि.
देवाचा दिवस. पाड्यावरच्या धवळूबाबांनी भाजी दाखवली, मग घरोघर चिमूट चिमूट दिली. आमच्या सुनेला, म्हणजे कविताला, मी माझ्या हातानं भरवली. पाचवा महिना. तिने अजून मागितली, माझ्या वाट्याचीही दिली.
छान झालं सगळं.

१८ जून, बुध.
डोंगर पिवळा. सकाळी अंगणवाडी उघडताना दिसला. घाणेरी पिवळी, गवत पिवळं, खाली देवाच्या दगडापर्यंत पिवळा पट्टा.
दगडापाशी

१८, दुपारी.
मघाशी हात थांबला. दगडापाशीच बाबा दरसाल भाजी खुडतात. देवाची भाजी तिथलीच लागते. "कोणी पान खुडत नाही" असं मी सांगितलं, त्या कोणीमध्ये बाबा धरलेच नव्हते. देवाची भाजी आणणारा माणूस आधीचे तीन दिवस पाड्यावर वेगळा, एकटा राहतो, कोणाशी बोलत नाही. मी बायांना सांगितलं. बाबांना कोण सांगणार? आणि देवाच्या भाजीला कुठली म्हणून कोणी विचारत नाही.
पाड्यावर गेले. विचारलं, कुठून खुडली? म्हणाले, "दगडापासनं. शनवारी पहाटं. अजून कुठनं?"

१९ जून, गुरु.
साहेब म्हणतात, माणसाला काही होत नसतं, पण गर्भवती असेल तर डॉक्टरांना विचारलेलं बरं. म्हणजे होतं की नाही होत? आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने विचारलं, किती खाल्ली, धुतली होती का, उलटी झाली का. मग म्हणाली, मंगळवारी सोनोग्राफी करून घेऊ, घाबरू नका. ती स्वतःच घाबरलेली दिसली. ओसरीवरच्या कॅनवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली. काही उमगलं नाही. हे म्हणाले, आपल्या बांधाची भाजी तीन वर्षं खातोय, काय झालंय? हा धीर होता की काय होतं, कळलं नाही.
कविताला अजून सांगितलेलं नाही. ती मजेत आहे. मला तिच्याकडे बघवत नाही.

२० जून, शुक्र.
गावात एकच चर्चा. देवाच्या ऐन तोंडावरचा दिवस साहेबाला कोणी दिला? सोनाबाई माझ्यासमोरच म्हणाली, गावातलाच कोणीतरी फितूर हाय. मी तिला चहा दिला.
साहेबांचा फोन. उद्या सभेला येत नाही, पण विचारलंच तर तुमचं नाव घेणार नाही, म्हणाले. उपकार केल्यासारखं बोलले. मी थँक्यू म्हटलं. का म्हटलं?

२१ जून, शनि.
सभा. ग्रामसेवक दुसऱ्या गावाला, म्हणून इतिवृत्त लिहायला मी. अक्षर चांगलं ना माझं.
बोलायचं ठरवून गेले होते. सुरुवात कशी करायची तेही ठरवलं होतं. फवारणीवरून वाजायला लागलं, आणि तेवढ्यात बाबा उभे राहिले. म्हणाले, "खुडताना वास आला होता. तरी खुडली. गावाच्या तोंडात मी घातली. चूक माझी हाय." खाली बसले. त्यानंतर फवारणी राहिली बाजूला. कोणी म्हणालं म्हातारा झाला, कोणी म्हणालं भान गेलं. सोनाबाई रडली. सरपंचांना सुटल्यासारखं झालं असावं, मला म्हणाले, लिहा बाई.

मी लिहिलं. "धवळूबाबा यांनी चूक मान्य केली. पुढील वर्षापासून देवाची भाजी दुसरी व्यक्ती आणेल. फवारणीचा विषय पुढील सभेत." एकही खाडाखोड नाही.
चाळीस वर्षं आणतायत ते. मी लग्न होऊन आले तेव्हाही त्यांनीच आणली होती.

वही माझ्याकडे. सह्या सोमवारपर्यंत घ्यायच्या आहेत, पाड्यावर मलाच जायचंय. बाबा अंगठा देतात. अंगठा घेण्याआधी काय लिहिलंय ते वाचून दाखवावं लागतं.